बटण कुणी दाबायचं

आमच्याकडे सुगी आटपून रानं मोकळी झाली की रिकामी गाडी पळवायच्या शर्यती सुरू होतात. एक बैलजोडी, एक रिकामी गाडी, सरळ आखलेलं रान आणि एक मिनिट. इथं अंतर बांधलेलं नसतं, वेळ बांधलेली असते. निशाण पडलं की गाडी सुटते, मिनिट भरलं की शिट्टी होते, आणि त्या घडीला चाक जिथं असेल तिथं खूण करतात. मग टेप धरून फूट मोजायचे, त्याखालचे इंचही सोडायचे नाहीत.

तीन वर्षांपूर्वी आमच्या गावच्या शर्यतीत स्टॉपवॉच धरायचं काम माझ्याकडे आलं. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत अठ्ठावीस वर्षं हेच काम केलेला माणूस गावात असताना दुसऱ्या कुणाला विचारायचं कारणच नव्हतं. पहिल्या आणि दुसऱ्या जोडीत तीन फुटांचा फरक निघाला. बक्षीस वाटून झालं, हलगी थांबली, आणि दुसऱ्या जोडीचा मालक माझ्याजवळ आला. सत्तरीचा म्हातारा, डोक्याला पटका, हातात अजून कासरा. भांडायला आला नव्हता. बैलाच्या मानेवर हात फिरवत त्यानं विचारलं, “साहेब, बटण तुम्ही निशाण पडताना दाबलासा, का पडल्यावर?”

मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन हिशेब मांडला. मिनिटात दीड हजार फूट पळणारी जोडी सेकंदाला पंचवीस फूट जाते. तीन फूट म्हणजे सेकंदाचा साधारण आठवा हिस्सा. डोळ्यानं पाहायचं आणि बोटानं दाबायचं यातच माणसाचा सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो, आणि तो दर खेपेला सारखा जात नाही. म्हाताऱ्याचे तीन फूट माझ्या अंगठ्यात अडकले असतील किंवा नसतीलही. पण त्याचा प्रश्न बरोबर होता, आणि अठ्ठावीस वर्षांत तो मला इतक्या सरळ कुणी विचारला नव्हता.

घड्याळ मी पहिल्यांदा आतून पाहिलं ते मामाच्या दुकानात. गणपत गल्लीला लागून असलेल्या एका बोळात खाटेएवढी जागा, काचेचं एक कपाट आणि मामाच्या डाव्या डोळ्याला कायम चिकटलेलं भिंग. मे महिन्याच्या सुट्टीत मी तिथं बसायचो. येणारी घड्याळं बहुतेक एचएमटीची असत. बंगळूरला १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं हा कारखाना सुरू झाला आणि पुढं आमच्याकडच्या प्रत्येक लग्नात जावयाच्या मनगटावर ‘जनता’ किंवा ‘सोना’ आलं. ही घड्याळं मामा डोळे मिटून खोलायचा. पण एकदा कॅम्पातल्या कुणा लष्करी अधिकाऱ्याचं स्विस बनावटीचं घड्याळ आलं. चावीच्या वर एक बटण, खाली एक बटण, तबकडीत आणखी दोन लहान तबकड्या. मामानं दुकानाचं दार ओढून घेतलं, वाऱ्यानं काही उडू नये म्हणून. मागचं झाकण काढलं आणि मला म्हणाला, “ह्यात एक नाही, दोन घड्याळं हाईत. एक कधी थांबत नाही. दुसरं तू सांगशील तेव्हाच चालतंय.”

अशा घड्याळाला क्रोनोग्राफ म्हणतात, आणि त्याचं इतकं नेमकं वर्णन मी नंतर कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. लहान तबकडीतला सेकंद काटा आपला चालूच असतो. मधला लांब काटा मात्र बाराच्या आकड्यावर उभा असतो. वरचं बटण दाबलं की आत एक चाक एक घर पुढं सरकतं. या चाकाला उभे खांब असतात. आपल्या किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिराचा मंडप कुणी तांदळाच्या दाण्याएवढा करून ठेवावा, तसं ते भिंगातून दिसतं. खांबावर टेकलेली एक बारीक तरफ दोन खांबांमधल्या फटीत पडते, तिच्यासोबत एक दातेरी चाक सरकतं आणि चालत्या घड्याळाची गती लांब काट्याला मिळते. पुन्हा दाबलं की तरफ खांबावर चढते आणि काटा आहे तिथं थिजतो. या सगळ्यात मूळ घड्याळाचा ठोका चुकत नाही.

पण मामानं मला खरं दाखवलं ते खालच्या बटणाचं काम. लांब काट्याच्या दांड्याला एक चकती बसवलेली असते, पत्त्यातल्या बदामासारखी. खालचं बटण दाबलं की तिच्यावर एक हातोडी पडते. काटा सतरा सेकंदांवर असो की बावन्नवर, हातोडीच्या दाबानं बदाम फिरतो आणि हातोडी त्याच्या खळगीत जाऊन बसते. काटा बारावर. मामानं मला दहादा ते करून दाखवलं. ही बदामाची युक्ती ॲडॉल्फ निकोल या घड्याळजीची, पेटंटचं साल १८४४. त्याआधी काट्याला शून्यावर आणायची अशी झटपट सोय सर्रास मिळत नव्हती. मोजून झालेलं पुसून पुन्हा मोजायला लागायची सोय माणसाला फार उशिरा मिळाली, याचं मला अजून नवल वाटतं.

क्रोनोग्राफ या ग्रीक शब्दाचा अर्थ काळ लिहिणारा. आणि पहिल्यांदा हे नाव मिळालं ते यंत्र खरोखरच लिहीत होतं. १८२१ साली पॅरिसच्या शाँ द मार्स मैदानावर घोड्यांच्या शर्यती चालल्या होत्या. निकोला र्यूसेक या घड्याळजीनं तिथं एक पेटी आणली. तिच्यात तबकडी फिरायची आणि वर शाईची निब होती. घोडा रेषेवरून गेला की बटण दाबायचं, तबकडीवर शाईचा ठिपका पडायचा. दुसरा घोडा, दुसरा ठिपका. शर्यत संपल्यावर ठिपके वाचायचे. मला ही पेटी फार आवडते. तिच्यात काटा थांबवावा लागत नव्हता. वेळ वाहत राहायची आणि तिच्यावर खुणा राहायच्या. आमच्या रानातल्या चुन्याच्या खुणांसारख्या.

त्याच्याही पाच वर्षं आधी, १८१६ साली, लुई म्वाने या फ्रेंच घड्याळजीनं सेकंदाचा साठावा भाग मोजणारं यंत्र पूर्ण केलं होतं. दुर्बिणीतून तारे पाहताना वापरायला त्यानं ते केलं होतं. त्याचं मागंपुढं झुलणारं तोलचक्र सेकंदाला साठ झोके घ्यायचा. साधं चावीचं मनगटी घड्याळ पाच ते आठ घेतं. या यंत्राची जगाला ओळख झाली ती थेट २०१३ मध्ये. साठाव्याचा साठावा, त्याचाही साठावा, ही आपल्याला ओळखीची भागणी आहे. दिवसाच्या साठ घटका, घटकेची साठ पळं, पळाची साठ विपळं. घटका चोवीस मिनिटांची, पळ चोवीस सेकंदांचं, विपळ सेकंदाच्या चार दशांशाएवढं. “पळभर थांब” म्हणताना आपण चोवीस सेकंद मागत असतो. आणि डोळ्यापासून बोटापर्यंत जाणारा माणसाचा जो वेळ मी वर सांगितला, तो बरोबर अर्धं विपळ.

ताऱ्यांवरून आठवलं. ग्रीनिचच्या वेधशाळेत नेव्हिल मॅस्केलिन हे शाही खगोलशास्त्रज्ञ होते आणि डेव्हिड किनब्रुक त्यांचा मदतनीस. दुर्बिणीत ताणलेल्या बारीक तारेवरून तारा कधी सरकला हे घड्याळाचे ठोके ऐकत लिहायचं, असं त्याचं काम. किनब्रुकच्या नोंदी मॅस्केलिनपेक्षा सेकंदाच्या आठ दशांशांनी मागं पडू लागल्या. समज देऊनही फरक जाईना, तेव्हा १७९६ साली त्याला काढून टाकलं. पुढं बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञानं हे प्रकरण वाचलं, स्वतःच्या आणि इतरांच्या नोंदी ताडून पाहिल्या आणि त्याला दिसलं की कुठल्याही दोन माणसांच्या नोंदी जुळत नाहीत. प्रत्येकाचा आपला एक फरक असतो. म्हणजे किनब्रुक कामचुकार नव्हता. त्याचं शरीर जसं होतं तसं त्यानं लिहिलं. त्याची नोकरी मात्र गेली ती गेलीच.

हे मी पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. त्याचं कारण सांगतो.

कारखान्यात माझं काम टाइम स्टडीचं. त्यासाठीच्या स्टॉपवॉचमध्ये मिनिटाचे साठ नव्हे, शंभर भाग असतात, म्हणजे गुणाकार सोपा जातो. फळीला कागद लावायचा, वरच्या कोपऱ्यात घड्याळ अडकवायचं आणि मशीनवरच्या माणसाच्या मागं, त्याच्या खांद्याआडून हात दिसतील असं उभं राहायचं. कामाचे तुकडे पाडायचे: जॉब उचलला, चकमध्ये धरला, टूल लावलं, काढला, मापाचं गेज लावलं, ठेवला. प्रत्येक तुकड्याला बटण, काटा शून्यावर, पुन्हा बटण. तो बदाम दिवसाला हजारदा फिरायचा. मग आलेल्या वेळेला माणसाच्या वेगाचा गुणांक लावायचा. तो गुणांक आपण नजरेनं ठरवायचा. त्यावरून ठरणार शिफ्टला किती नग, आणि त्यावर इन्सेंटिव्ह.

एका लेथवर अण्णा होते. कन्नड माणूस, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, हात इतके सफाईदार की मी नुसतं बघत राहायचो. गेज हातात घेण्याआधी ते दर वेळी बाजूच्या चिंध्यांनी बोटं पुसत, एकेक बोट, अंगठा सगळ्यांत शेवटी. सहा सेकंद. माझ्या घड्याळात दहा भाग. ही त्यांची सवय आहे, कामाचा भाग नाही, असं मी ठरवलं आणि तेवढ्यापुरतं बटण दाबून ठेवलं. शंभर नगांना दहा मिनिटं होतात. शिफ्टचा आकडा वाढला, अण्णांचा इन्सेंटिव्ह तुटला. महिन्याभरानं पगाराच्या दिवशी ते शांतपणे मला म्हणाले, “साहेब्र, कै ओरसो टैम बरदिल्लेन्री?” हात पुसायचा वेळ लिहिला नाहीत का? लिहिला नव्हता. तेलकट बोटांनी धरलेलं गेज खोटं बोलतं, हे त्यांना माहीत होतं आणि मला शिकायचं होतं. पुढच्या फेरीत ती सहा सेकंदं मी कागदावर घेतली, पण तोवर दीड वर्षं गेलं होतं. त्यांचे गेलेले पैसे मी परत देऊ शकलो नाही.

या कामाची सुरुवात फ्रेडरिक टेलरनं १८८१ साली अमेरिकेतल्या मिडव्हेल पोलाद कारखान्यात केली. आम्हाला त्याच्याबद्दल एवढंच शिकवलं होतं. १९११ साली वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रागारात ओतकाम करणारे कामगार स्टॉपवॉच समोर आल्यावर काम टाकून बाहेर पडले, त्यानंतर अमेरिकी संसदेनं सरकारी कारखान्यांत स्टॉपवॉचनं कामगाराचा वेळ मोजण्याला पैसा द्यायचं बंद केलं आणि ती बंदी १९४९ पर्यंत टिकली, हे मी निवृत्तीजवळ आल्यावर स्वतः शोधून वाचलं. बेळगावात इतक्या फाउंड्र्या आहेत. साच्यात रस ओतणाऱ्या माणसानं घड्याळाला नको म्हटल्याची ही गोष्ट आमच्या शिक्षणात असायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं.

माझ्या वडिलांची पत्रिका आमच्या ट्रंकेत आहे. लांब गुंडाळी, लाल शाईची किनार, डिसेंबर १९४३. तिच्यात जन्मवेळ लिहिली आहे: सूर्योदयात गत घटी ०, पळे ५०. म्हणजे सूर्य उगवून वीस मिनिटांनी. आणि आजोबांच्या जमाखर्चाच्या वहीत, त्याच तारखेखाली, मोडीत एक ओळ आहे: सकाळी ८ वाजून १० मिनिटांनी मुलगा झाला. डिसेंबरात आमच्याकडे सूर्य सहा पन्नासच्या सुमाराला उगवतो. आठ दहा म्हणजे उगवून ऐंशी मिनिटं. तीन घटकांच्या वर. मग पन्नास पळं कुठून आली? लहानपणी मला वाटायचं की भटजींनी चूक केली. आत्याला वाटायचं की आजोबा घाईत होते.

हा गुंता सोडवला तो शहापुरातल्या एका म्हाताऱ्या ज्योतिषांनी. वडिलांच्या साठीशांतीच्या वेळी पत्रिका त्यांच्यापुढं ठेवली. साल बघून ते लगेच म्हणाले, “लढाईतलं साल आहे. त्या वेळी घड्याळं तासभर पुढं होती.” खरंच होती. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत सरकारनं सबंध देशाची वेळ एक तास पुढं केली होती. वहीतले आठ दहा म्हणजे आजचे सात दहा. सूर्योदयानंतर बरोबर वीस मिनिटं, पन्नास पळं. आजोबांनी घड्याळात पाहून लिहिलं, भटजींनी सूर्यावरून, आणि दोघांनीही बरोबर लिहिलं होतं. साठ वर्षं घरात एक शंका पडून होती आणि ती एका वाक्यात गेली. वडील त्या दिवशी लहान मुलासारखे खूश झाले होते.

मग ज्योतिषांनी आणखी एक वजाबाकी केली, त्यातून बत्तीस मिनिटांची. आपली भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, बेळगाव साडेचौऱ्याहत्तरच्या आसपास. आठ अंशांचा फरक, अंशाला चार मिनिटं. सूर्य आपल्या डोक्यावर येतो तो घड्याळात साडेबाराच्या सुमाराला. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक दिवस असा येतो की भर दुपारी अंगणातल्या तुळशी वृंदावनाची सावली त्याच्याच पायाशी गोळा होते. त्या वेळी घड्याळ बघा. बारा नसतात, बाराच्या पुढं अर्धा तास गेलेला असतो. रोज अर्धा तास आपण देशाला दिलेला आहे. देशाला एक वेळ हवी म्हणून, आणि ती हवीच. प्रमाणवेळ १९०६ साली आली तरी मुंबई शहरानं आपली वेगळी वेळ, एकोणचाळीस मिनिटं मागची, १९५५ पर्यंत सोडली नव्हती.

त्याच्या पुढच्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ ला, आमचा जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. सीमाभागातल्या मराठी घरांत वेळ त्या दिवसापासून मोजतात. माझी आजी “ते झालं त्याच्या आधी दोन वर्षं” असं म्हणायची आणि ‘ते’ म्हणजे काय हे कुणाला विचारावं लागत नसे. मामाच्या हातातल्या त्या घड्याळासारखंच आहे हे. लहान तबकडीतला काटा चालूच आहे: पेरण्या, लग्नं, शिफ्टा, मुलांच्या परीक्षा. आणि एक लांब काटा १९५६ ला सुटला, तो अजून फिरतो आहे. २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. काटा सुटला त्या दिवशी तरुण असलेली आमच्या गल्लीतली बहुतेक माणसं तो थांबलेला न बघताच गेली. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, आणि वाईटही वाटतं.

कन्नडमध्ये सीमेला गडि म्हणतात आणि घड्याळाला गडियार. शब्दांची मुळं वेगळी आहेत. गडियार आपल्या घटकेच्या कुळातला. घटकेला कन्नडमध्ये गळिगे म्हणतात, तीही चोवीस मिनिटांचीच. पण सीमेवर राहणाऱ्या माझ्यासारख्याच्या कानाला हे दोन शब्द एकमेकांना चिकटून ऐकू येतात. अण्णांना मी एकदा हे सांगितलं, तेव्हा ते बराच वेळ हसले आणि मग म्हणाले, गळिगे मात्र दोन्हीकडे एकच.

घटका मोजायचं भांडं मी एकदाच, लहानपणी, खानापूरकडच्या एका जुन्या वाड्यात पाहिलं. तांब्याची वाटी, पातळ, बुडाला सुई जाईल एवढं भोक. पाण्याच्या घंगाळात सोडायची. पाणी तळातून आत चढतं, वाटी हळूहळू जड होते आणि चोवीस मिनिटांनी एकदम बुडते. बुडताना बारीकसा आवाज होतो. भास्कराचार्यांच्या लीलावतीची गोष्ट याच वाटीची. लग्नघटका बघायला वाकली, तिच्या अलंकारातला मोती वाटीत पडला, भोक बंद झालं आणि मुहूर्त टळून गेला. ग्रंथ ११५० चा, पण ही गोष्ट लिहिलेली सापडते ती अकबराच्या दरबारातल्या फैजी या कवीनं १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरात. म्हणजे ती घडली असेलच असं नाही. तरी मला ती खरी वाटते, कारण वाटीजवळ कुणीतरी बसून राहायला हवं, हे तिच्यात आहे. वाटी बुडाल्याचं कुणी पाहिलं नाही तर घटका भरली कशी म्हणायची? आमच्याकडे अजून मंगलाष्टकं संपताना भटजी हात वर करून थांबतात, मनगटावरच्या घड्याळाकडे बघतात आणि मगच अंतरपाट खाली येतो. तेवढ्या वेळापुरतं मांडवातलं प्रत्येकजण त्यांच्या हाताकडे बघत असतं.

आता पहाटे मी मैदानावर जातो. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात आहे, आमच्या भागातल्या पोरांच्या डोळ्यांपुढं लहानपणापासून वर्दी असते. भरतीला सोळाशे मीटर धावावे लागतात आणि साडेपाच मिनिटांच्या आत आलं तर पूर्ण गुण. वीस-बावीस पोरं असतात, खानापूरकडची, येळ्ळूरची, काही अनवाणी. अण्णांचा नातू त्यांच्यात आहे. गेल्या महिन्यात तो पाच चौतीसला अडकला होता, रोज पाच चौतीस.

अण्णा त्याला सोडायला सायकलवरून येतात. शर्यतीतल्या त्या म्हाताऱ्याचा प्रश्न मी त्यांना सांगितला होता. एके दिवशी त्यांनी नुसताच हात पुढं केला. मी स्टॉपवॉच त्यांच्या हातात ठेवलं. वरचं बटण कुठलं, खालचं कुठलं, हे सांगायला लागलो, तर त्यांनी मान हलवली. इतकी वर्षं पाठीमागून त्याचा आवाज ऐकला होता. खिशातून रुमाल काढला, एकेक बोट पुसलं, अंगठा सगळ्यांत शेवटी. पोरं रेषेवर वाकून उभी होती. अण्णांनी नातवाच्या पायाकडे नजर लावली आणि मोठ्यानं म्हणाले, “ओडु!”